शब्द त्यांचा, क्रियापद आपलं

प्रस्तावना

‘फोन लाव.’ ‘कट मारून गेला.’ ‘नंबर लागला का?’ ‘बोअर फेल गेला.’ ‘जरा ॲडजस्ट करा ना.’ ‘मी रोज अपडाउन करतो.’ नाशिकमध्ये सकाळी घराबाहेर पडलेल्या माणसाच्या कानावर दुपारपर्यंत ही सगळी वाक्यं पडलेली असतात. प्रत्येकात एखादा तरी शब्द इंग्रजी आहे. तरी नुसतं इंग्रजी जाणणाऱ्याला यांतलं एकही वाक्य धड कळायचं नाही. अर्थाचा थोडा भाग त्या इंग्रजी शब्दात आहे. उरलेला सगळा लाव, मार, लाग, जा, कर या मराठी धातूंत आहे. हा छोटा संग्रह त्या धातूंसाठी केला आहे.

नाशिक शहर, औद्योगिक वसाहती, निफाड-दिंडोरीचा द्राक्षपट्टा, लासलगावची बाजारपेठ आणि मुंबईकडे धावणारी रेल्वे, एवढ्या टापूत रुळलेले इंग्रजी शब्द इथे अकारविल्हे दिले आहेत. शब्दाचा अर्थ सांगण्याचा खटाटोप केलेला नाही. फोन म्हणजे काय, हे सांगायला पुस्तक कशाला हवं? त्या शब्दाला कोणकोणती मराठी क्रियापदं लागतात आणि क्रियापद बदललं की अर्थ कसा फिरतो, एवढंच प्रत्येक नोंदीत पाहिलं आहे.

ही पद्धत उसनी आहे, आणि उसनी घ्यावी अशा ठिकाणाहून घेतली आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली आणि वाढवलेली दुसरी १८५७ साली. सुमारे ६०,००० शब्दांच्या त्या दुसऱ्या आवृत्तीत नामाचा अर्थ देऊन झाला की पुष्कळदा पुढे त्या नामाबरोबर चालणारे धातू ओळीने मांडलेले दिसतात: कर, दे, घे, लाव, मार, पड, बस. मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याला आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पंडितांना एक गोष्ट पक्की उमगली होती. मराठीत नाम पाठ करून भागत नाही. ते कोणत्या क्रियापदाबरोबर नांदतं हे ठाऊक नसेल तर वाक्य उभं राहत नाही. शपथ घ्यायची असते, नवस बोलायचा असतो, पैज मारायची असते, नजर लागते आणि टाळी द्यायची असते. यांतली क्रियापदं आपसांत बदलून पाहा, म्हणजे मोल्सवर्थने ती यादी का दिली ते कळेल. इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही आपण हाच नियम लावला. तो कुणी शिकवला नाही, कुठल्या शाळेच्या पुस्तकात छापला नाही, तरी त्यात चूक करणारा मराठी माणूस सापडणं कठीण.

फोनचंच घ्या. ‘फोन करणे’ सरळ आहे. ‘फोन लावणे’ म्हणजे प्रयत्न. लावला म्हणून लागेलच असं नाही. ‘लावतोय, लागत नाहीये’ एवढ्यात माणसाची खटपट आणि यंत्राचा नकार दोन्ही सांगून होतात. ‘आईला फोन लावून दे’ यात लावणारा एक आणि बोलणारा दुसरा. ‘फोन उचलत नाही’ म्हटलं तर माणूस आंघोळीला गेला असेल. ‘फोन घेत नाही’ म्हटलं की तो टाळतोय. ‘फोन ठेवणे’ हे तारेच्या फोनच्या काळातलं. रिसीव्हर जागेवर ठेवायचे दिवस गेले, मोबाइल हातातच राहतो, तरी ‘बरं, ठेवू का?’ असं विचारल्याशिवाय बोलणं संपत नाही. आणि मिस कॉल? इंग्रजीत तो हुकतो, मराठीत तो दिला जातो. ‘स्टँडवर पोचलास की मिस कॉल दे.’ देणाऱ्याचे पैसे वाचतात आणि ज्याला दिला त्याला निरोप कळतो. हुकलेल्या गोष्टीचा ठरवून केलेला व्यवहार झाला तो ‘देणे’ या एका क्रियापदामुळे.

‘नंबर’ही असाच. दवाखान्यात नंबर लावायचा असतो आणि कॉलेजच्या यादीत तो लागावा लागतो. लावणं आपल्या हातात, लागणं नशिबाच्या. वर्गात पहिला नंबर येतो, चष्म्याचा नंबर वाढतो, आणि फोनचा नंबर घेतात किंवा देतात. शब्द एकच. तुम्ही रांगेत आहात, शर्यतीत आहात की डोळ्यांच्या डॉक्टरसमोर, हे क्रियापद सांगतं.

या संग्रहातली मला सर्वांत आवडलेली नोंद डीपीची आहे. शेतावर वीज आणणाऱ्या रोहित्राला ग्रामीण महाराष्ट्रात डीपी म्हणतात. ‘रोहित्र’ हा अर्जावर लिहायचा शब्द. डीपी जळते, उडते, तिच्यावर लोड येतो, आणि ती जळाली की ज्यांच्या मोटरी तिच्यावर आहेत ते सगळे शेतकरी एकत्र येऊन खेटे घालू लागतात. त्याच शेतकऱ्याच्या मुलाकडे दुसरा डीपी असतो, व्हॉट्सॲपवरचं छायाचित्र. तो ठेवतात, काढतात. ‘डीपी जळाली’ आणि ‘डीपी ठेवला’ यांत कुणाचा गोंधळ होत नाही. ‘बदलणे’ मात्र दोघांनाही चालतं, आणि तिथे लिंग मदतीला धावून येतं. ‘डीपी बदलली’ म्हटलं की उभ्या पिकाला पाणी मिळणार. ‘डीपी बदलला’ म्हटलं की पोराचं लग्न ठरलं असावं.

कारखान्यांच्या भागातले शब्द वेगळ्या धारेचे आहेत. ‘ब्रेक’ पाहा. गाडीला ब्रेक मारतात. अर्धवट राहिलेल्या कामाला ब्रेक लागतो. दमलेला माणूस ब्रेक घेतो. नव्या नटाला ब्रेक मिळतो. सातपूर-अंबडकडे मात्र ब्रेक दिला जातो. कामगाराची सलग सेवा मोजताना कायद्याच्या हिशेबात वर्षातले २४० दिवस महत्त्वाचे असतात. ते भरण्याआधी हंगामी कामगाराला काही दिवस घरी बसवायचं आणि मग पुन्हा नव्याने कामावर घ्यायचं, ही औद्योगिक पट्ट्यांतली जुनी वहिवाट. ‘मला ब्रेक दिलाय’ असं सांगणाऱ्या पोराला, कुणी दिला, का दिला, हे कुणी विचारत नाही. एरवी ‘देणे’ हे दानाचं क्रियापद, पण मराठीत नको असलेली गोष्टही देता येते. शिक्षा देतात, त्रास देतात, टेन्शन देतात. ब्रेकही त्याच रांगेत जाऊन बसला.

याच्या समोरच्या बाजूला ‘लागणे’. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनची, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना १९६४ पासूनचा. ‘प्रेसला लागला’, ‘एचएएलला लागला’ ही वाक्यं इथल्या कितीतरी घरांत पेढे वाटताना उच्चारली गेली. नोकरी ‘लागते’ म्हणून नोकरीच्या पोटातलं सगळंच लागू लागलं: शिफ्ट लागते, ओव्हरटाइम लागतो, निवडणुकीची ड्युटी लागते, सिंहस्थात बंदोबस्त लागतो. ‘मी नाइट शिफ्ट केली’ यात काम माणसाने केलं. ‘मला नाइट शिफ्ट लागली’ यात वेळापत्रकाने माणसाला गाठलं. आणि ‘आम्ही शिफ्ट झालो’ म्हणजे इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याला राहायला गेलो. करणे, लागणे, होणे; एकाच शब्दाचे तीन संसार.

शेतीतल्या नोंदींत ‘फेल’ हा शब्द निरखून पाहण्यासारखा आहे. मुलगा फेल होतो, गाडीचे ब्रेक फेल होतात, पण बोअर फेल जातो. पीक फेल जातं, परदेशी पाठवायच्या द्राक्षाचं सॅम्पल फेल जातं. ‘होणे’ नुसती अवस्था सांगतं. ‘जाणे’ सांगतं की आधी पैसा घातला होता, कष्ट ओतले होते, आणि ते हातचं गेलं. वाया जाणे, बुडीत जाणे, फुकट जाणे या मराठी जाण्यांच्या घोळक्यात ‘फेल जाणे’ सामील झालं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा ‘रेसिड्यू’ हा प्रयोगशाळेतला शब्द बांधावर येऊन पोचला. बागाईतदाराने त्याला लगेच मराठी क्रियापद जोडलं: ‘रेसिड्यू आला’. ताप येतो, रोग येतो, पूर येतो, तसा रेसिड्यूही येतो, न बोलावता.

आता ‘अपडाउन करणे’. ही नोंद नाशिकची खास म्हणावी अशी आहे. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ च्या नोव्हेंबरपासून मनमाड-मुंबई धावते आहे. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडहून निघायचं, मुंबईत दिवसभर काम करायचं आणि रात्री घरी परतायचं, असं आयुष्य काढलेली शेकडो माणसं या शहरात आहेत. मध्य रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून निघणारी डाउन. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे अप गाडी कसारा घाट उतरते आणि डाउन गाडीला तो चढायला मागून इंजिन जोडावं लागतं. रेल्वेच्या वर-खालीचा भूगोलाच्या वर-खालीशी संबंध नाही, आणि प्रवाशांना त्याची फिकीर नाही. त्यांनी दोन्ही शब्द एकत्र बांधले, ‘करणे’ लावलं, आणि रोज जाऊन-येऊन नोकरी करणं या अख्ख्या जीवनपद्धतीला एक क्रियापद मिळालं. इंग्रजीत ‘अपडाउन’ असं क्रियापद नाही. पुढे ते रेल्वेतून उतरून सगळीकडे गेलं. सिन्नरहून नाशिकला एसटीने येणारा कारकूनही अपडाउन करतो आणि मोटारसायकलवरून जाणाऱ्या शिक्षिकाही अपडाउन करतात. त्यांच्या रस्त्याला अप कुठलं आणि डाउन कुठलं हे कुणी ठरवलेलं नाही.

या प्रयोगाची रूपं ऐकावीत. नव्याने नोकरीला लागलेला म्हणतो, ‘करीन अपडाउन, त्यात काय!’ पोरांच्या शाळेमुळे अडकलेला म्हणतो, ‘अपडाउन करावं लागतं.’ पन्नाशी ओलांडलेला म्हणतो, ‘आता अपडाउन होत नाही माझ्याच्याने.’ ‘माझ्याच्याने होत नाही’ ही शक्यतेची, खरं तर अशक्ततेची, घडण अस्सल मराठी आहे. इंग्रजी शब्दाला तिने अंगाखांद्यावर घेतलं आणि शब्दाला आपण परक्या वाक्यात आहोत याचा पत्ताही लागला नाही. डब्यात शिरल्यावर पुढचा शब्द येतो, ‘ॲडजस्ट’. ‘जरा ॲडजस्ट करा ना’ म्हणजे सरका, तिघांच्या बाकावर चौथ्याला बसू द्या. काय ॲडजस्ट करायचं हे इंग्रजीत सांगावं लागतं. इथे सांगायची गरज नाही. ‘ॲडजस्ट करून घेतलं’ यात सोसणं आहे. ‘सून छान ॲडजस्ट झाली’ यात कौतुक आहे, आणि कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं हे आधीच ठरल्याची कबुलीही आहे.

मराठीची खरी कारागिरी दुसऱ्या क्रियापदाच्या मागे येणाऱ्या तिसऱ्यात दिसते. कचेरीतली वाक्यं घ्या. ‘मेल पाठव’ ही सूचना झाली. ‘मेल सेंड करून टाक’ म्हणजे ब्याद संपव. ‘सेव्ह करून ठेव’ म्हणजे पुढे लागेल. ‘ट्राय करून बघ’ म्हणजे जमेलच असं नाही. ‘फॉर्म फिलअप करून दे’ म्हणजे माझ्यासाठी, ‘फिलअप करून घे’ म्हणजे तुझ्या भल्यासाठी. ‘दिवसभर फॉरवर्ड करत बसतो’ यातल्या ‘बसतो’मध्ये बायकोचा सगळा वैताग आहे. टाकणे, ठेवणे, बघणे, देणे, घेणे, बसणे ही क्रियापदं इथे आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून बोलणाऱ्याचं मन सांगतात. इंग्रजीत हे काम आवाजाच्या चढउताराने किंवा वेगळं वाक्य जोडून करावं लागतं.

‘करणे’ आणि ‘होणे’ यांच्या निवडीत तर सगळी नीती साठवलेली आहे. फाइल मी ‘डिलीट केली’ असं म्हणणारा माणूस विरळा. ती ‘डिलीट झाली’. फारच अडचणीत सापडला तर तो ‘माझ्याकडून डिलीट झाली’ इथपर्यंत येतो. म्हणजे हात माझा होता, इच्छा माझी नव्हती. हे संगणकाने शिकवलेलं नाही. कपबशी पूर्वीपासून आपल्या घरांत फुटतच आली आहे, ती सहसा कुणी फोडलेली नसते.

व्याकरणाच्या अंगाने आणखी एक मौज. ‘फॉर्म सबमिट केला’, ‘फाइल सबमिट केली’, ‘पत्र सबमिट केलं’. तिन्हीकडे ‘सबमिट’ जागचा हलत नाही. काळ, लिंग, वचन, पुरुष, मान, विनंती, आज्ञा, शक्यता ही सगळी कामं ‘करणे’ करतं. परक्या धातूला मराठी आख्यात-प्रत्ययांच्या रानात न पाठवता आपण त्याला एका जागी बसवून ठेवतो. त्यामुळे कुठलाही नवा शब्द आज ऐकला आणि आजच वापरला असं होऊ शकतं. नामांना मात्र लिंग द्यावंच लागतं, आणि तेही बहुधा विनातक्रार ठरतं: बस ती, ट्रक तो, तिकीट ते. ई-मेलचा निकाल अजून लागायचा आहे. काहींना तो येतो, काहींना ती येते.

ही वाहतूक उलट्या दिशेनेही होते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्या पिढ्या पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी पुस्तक उघडत आणि घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. दोन्ही पिढ्यांच्या इंग्रजीत मराठी क्रियापदं डोकावतात. परीक्षा इंग्रजीत ‘घेतात’, म्हणजे विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. आपण परीक्षा देतो, म्हणून आपल्या इंग्रजीतही ती ‘गिव्ह’ होते. शिक्षक हे वाक्य तांबड्या शाईने खोडतात, आणि इंग्रजीच्या तासाला ते योग्यच आहे. पण चूक कुठून आली ते पाहिलं तर दिसतं की नामं पटापट बदलतात, क्रियापदं बदलायला फार वेळ घेतात. माणूस भाषा बदलतो तेव्हा सगळ्यांत शेवटी क्रियापद सोडतो.

परका शब्द ‘करणे’ लावून घरात घ्यायची ही रीत इंग्रजांच्या येण्याआधीची आहे. जमा करणे, खर्च करणे, हजर होणे, रद्द करणे, मंजूर करणे, माफ करणे, वसूल करणे, सुरू करणे, बंद करणे. यांतल्या प्रत्येक जोडीतला पहिला शब्द फारसी-अरबीतून आला. आज कुणाला त्यात परकेपणा जाणवत नाही, आणि हे शब्द वगळले तर ग्रामपंचायतीचा एक ठराव लिहून होणार नाही. काही शब्दांनी तर पुढचा टप्पाही गाठला. त्यांना ‘करणे’चा आधार उरला नाही, ते स्वतःच मराठी धातू झाले: बदलणे, फर्मावणे, आजमावणे, नवाजणे. इंग्रजी शब्द अजून बहुतेक पहिल्या टप्प्यावर आहेत. ‘टायर पंक्चरलं’ असं क्वचित ऐकू येतं, ‘गूगलून बघ’ असं पोरं गमतीने म्हणतात. ही गंमत पुढे टिकली तर व्याकरण होईल. आणि ‘नापास’ हा शब्द तर पाहा: ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी, आणि दोघांना जोडून पोराला घरी पाठवणारा ‘झाला’ मराठी.

परक्या शब्दांविरुद्धची मोहीमही तितकीच जुनी. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीचा सर्वांत आग्रही आवाज आमच्याच जिल्ह्यातला, भगूरचा. सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे महापौर, दिग्दर्शक, मध्यंतर, हुतात्मा हे शब्द आज भाषाशुद्धीचं नाव न ऐकलेली मुलंही वापरतात. फारसी-मराठी कोशाचे कर्ते असलेल्या माधव ज्यूलियन यांनीही १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. या साऱ्या प्रयत्नांचं मोल कमी लेखण्याचा माझा विचार नाही. पण त्यांच्या याद्या वाचताना एक गोष्ट नजरेत भरते: बहुतेक सगळे शब्द नामं आहेत. पहारा नामांच्या दारावर होता, आणि त्याला कारणही होतं. सरकार, कचेरी, नाटक, सिनेमा यांना नावं हवी होती. क्रियापदांच्या दाराकडे कुणी पाहिलं नाही, कारण तिथून काही आत येत नाही असंच वाटत होतं.

आत फारसं काही आलं नाही हे खरं. तिथून बाहेर जाऊ लागलं आहे.

त्यासाठी स्वयंपाकघरात जावं लागेल. पाककृतीचा कुठलाही कार्यक्रम लावा. ‘कांदा कट करून घ्यायचा, टोमॅटो कट करून घ्यायचे, कोथिंबीर कट करून घ्यायची, मग सगळं मिक्स करून घ्यायचं.’ आपल्याकडे भाजी चिरतात, कलिंगड कापतात, मेथी खुडतात, शेवग्याची शेंग मोडतात, नारळ फोडतात, गाजर किसतात. प्रत्येक क्रियापदात हाताची हालचाल वेगळी आहे, हत्यार वेगळं आहे, काहींत हत्यारच नाही. मिसळण्याचंही तसंच: भात कालवायचा, चहा ढवळायचा, कणीक मळायची, ताक घुसळायचं, वरण घोटायचं. ‘मिक्स करणे’ ही पाचही कामं करतं आणि पाचांतलं एकही सांगत नाही. भांडी विसळणे, घासणे, कपडे चुबकणे, खंगाळणे यांच्या जागी ‘वॉश करणे’ आलं, त्याचीही गत तीच. ज्या शहराची ओळखच मिसळ आहे तिथे ‘रस्सा घाला आणि नीट मिक्स करून खा’ असं सांगतात; पदार्थाच्या नावातच जे क्रियापद आहे तेही आठवत नाही.

या संग्रहातून मला सांगायचं आहे ते एवढंच. फोन, ब्रेक, डीपी, रेसिड्यू, अपडाउन यांच्यासाठी आपल्याकडे आधी काही नव्हतं. नवी वस्तू आली, नवी राहणी आली, तिचं नाव परकं राहिलं आणि तिला आपण आपलं क्रियापद दिलं. यात मराठीचं काही गेलं नाही. उलट लावणे-लागणे, देणे-घेणे, करणे-होणे या जोड्यांना नवं काम मिळालं. चिरणे, कालवणे, विसळणे यांच्या जागी येणारं ‘करणे’ मात्र वेगळं आहे. तिथे एक नेमकं क्रियापद जातं आणि त्याच्या बदल्यात सगळ्यांना पुरणारं एक ढोबळ क्रियापद येतं. इंग्रजी शब्द दोन्हीकडे आहे म्हणून दोन्हींना एकाच तराजूत घालणं चुकीचं. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठीच्या काळजीची भाषणं होतात, त्यांतल्या बहुतेकांत ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ यांवर राग निघतो. टेबलाने मराठीचं काही बिघडवलेलं नाही. ‘मिक्स’वर थोडा राग निघाला तर चालेल.

द्राक्षबागेत ही दोन्ही वाटांची उदाहरणं शेजारी शेजारी दिसतात, आणि तिथला व्यवहार शहरापेक्षा शहाणा आहे. निर्यातीच्या वाटेने आलेल्या कामांना शेतकऱ्याने आल्या नावानिशी घेतलं: जीए या संजीवकाचं डिपिंग करतात, थिनिंग करतात, गर्डलिंग करतात. पण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांना कुणी ‘कटिंग’ म्हणत नाही. घड जिरतात, मणी तडकतात, डोळे फुटतात. या क्रियापदांना हात लावायची कुणाला गरज वाटलेली नाही, कारण ती जितकं नेमकं सांगतात तितकं सांगणारं दुसरं काही बाजारात नाही. ज्याचा पैसा त्या फरकावर अवलंबून आहे तो फरक दाखवणारा शब्द सोडत नाही. स्वयंपाकघरात आपण सोडतो आहोत, कारण तिथल्या कौशल्याला आपण मोल दिलं नाही. क्रियापदाच्या जाण्यामागे असं कारण पुष्कळदा सापडतं.

म्हणून संग्रहात दोन प्रकारच्या नोंदी वेगळ्या ओळखता येतील अशी सोय केली आहे. ज्या प्रयोगाने मराठीतलं जुनं क्रियापद बाजूला सारलं त्याच्यापुढे फुली आहे आणि खाली मागे पडलेली क्रियापदं दिली आहेत, कोणतं कशासाठी या खुलाशासकट. बाकीच्या नोंदी बिनफुलीच्या. काही ठिकाणी फुली द्यावी की नाही याचा निर्णय अवघड होता. ‘वेट करणे’ला दिली, कारण थांबणे, वाट पाहणे आणि खोळंबणे यांतला फरक त्याने पुसला. ‘ट्राय करणे’ला दिली नाही, प्रयत्न करणे हेही ‘करणे’च आहे, आणि ‘करून बघणे’ अजून खणखणीत वाजतं. वाचकांचं याबाबत वेगळं मत असू शकतं, असावंही.

काही गोष्टी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत. मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या पट्ट्यातल्या अहिराणीत इंग्रजी शब्द वेगळी क्रियापदं घेतात, वेगळे प्रत्यय घेतात. तो स्वतंत्र अभ्यास अहिराणी बोलणाऱ्यानेच करावा. शास्त्रीय परिभाषा घेतलेली नाही. जाहिरातींतलं मराठी घेतलेलं नाही, कारण ते बहुधा मुंबईत बसून हिंदीवरून केलेलं असतं. जे कुणाच्या तरी तोंडून सहज, कामाच्या भरात निघालेलं ऐकलं तेच इथे आहे. पंचवटीतले पासधारक, बाजार समितीतले हमाल आणि व्यापारी, कारखान्यातून सुटणारे कामगार, द्राक्षबागांत थिनिंगला येणाऱ्या बायका, आणि दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलेले रुग्ण हे या संग्रहाचे खरे सहलेखक. कुणाचं नाव घेतलेलं नाही, कारण बोलणं त्यांच्या एकट्याचं नव्हतं.

संग्रह पुरा नाही, होणारही नाही. पुढच्या मोबाइलबरोबर पाच-सहा नोंदी वाढतील. वाचकांना राहून गेलेला शब्द सापडला तर जरूर कळवावा, मात्र नुसता शब्द कळवू नये. त्याच्याबरोबर क्रियापद लिहावं, पूर्ण वाक्य लिहावं, आणि ते कुठे, कोणत्या कामात ऐकलं तेही लिहावं. त्याच कामासाठी घरातली म्हातारी माणसं कोणतं क्रियापद वापरत हेही विचारून घ्यावं. उत्तर मिळालं तर ते कागदावर उतरवण्यापेक्षा आधी बोलण्यात आणावं. क्रियापद बोलण्यात टिकतं. कोशात गेलेलं क्रियापद फक्त नोंदवलेलं असतं.

नाशिक